सन्मानाने सोडता येणारी परीक्षा

संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा भारतीय संविधानाने पुढीलपैकी कोणाला दिली आहे? ऑक्टोबर २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त या प्रश्नाची किंमत एक कोटी रुपये होती. उत्तर होतं महान्यायवादी, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल. ते देऊन मुंबईचा सत्तावीस वर्षांचा हर्षवर्धन नवाथे या कार्यक्रमाचा पहिला करोडपती झाला. हाच प्रश्न आज पुण्याच्या नवी पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारून बघा. पुस्तकातून मान वर न करता उत्तर मिळेल. वर ‘कलम ८८’ असंही सांगतील, आणि महाधिवक्ता वेगळा, तो राज्याचा, कलम १६५, अशी पुस्तीही जोडतील. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेतल्या पहिल्या पेपरात शंभर प्रश्नांना दोनशे गुण असतात. म्हणजे हा एक कोटीचा प्रश्न तिथे दोन गुणांचा.

नवाथे स्वतः तेव्हा सनदी सेवेच्या परीक्षेची तयारी करत होता. बक्षीस मिळाल्यावर तो त्या वाटेने गेला नाही. परदेशात एमबीए करून कंपनी क्षेत्रात स्थिरावला. तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली होती, की देश एका अधिकाऱ्याला मुकला. मला त्या हळहळीत कधी सामील होता आलं नाही. स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभ्या असलेल्या एका तरुणाला दुसऱ्याच परीक्षेने बाहेर काढलं, तेही काही तासांत आणि सगळ्या देशासमोर. पंचवीस वर्षांनंतरही हे कार्यक्रम का चालतात याचं उत्तर मला त्यातच दिसतं.

पुण्यात या प्रश्नाची दोन उत्तरं तयार असतात. पहिलं: लोकांना फुकटच्या पैशाची हाव सुटली आहे. दुसरं: हे ज्ञान नव्हेच, नुसती माहिती. दुसरं उत्तर देणारी मंडळी बहुधा कार्यक्रम न चुकता बघतात आणि स्पर्धकाच्या आधी उत्तर देऊन टाकतात, ते असो. पण ज्या शहरात केतकरांनी तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश तडीस नेला, तिथे तरी माहितीला नाक मुरडू नये.

हावेचा मुद्दा टिकत नाही, कारण बघणाऱ्याला एक रुपयाही मिळत नाही. पैसा जाणार असतो अमरावतीच्या नाहीतर मोतिहारीच्या कुणा अनोळखी माणसाच्या खात्यात. नुसता मोठा पैसा दुसऱ्याला मिळताना बघण्यात मजा असती, तर लॉटरीच्या सोडती सगळं घर जेवणं आटोपून बघत बसलं असतं. ज्ञानाचा मुद्दाही अर्धाच खरा. ज्यांना खरोखर डोक्याला खुराक हवा असतो ते सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या बोट क्लब क्विझ क्लबसारख्या ठिकाणी जातात. तिथले प्रश्न चांगले परिच्छेदभर लांब असतात, पर्याय नसतात, आणि उत्तर आठवायचं नसून दिलेल्या धाग्यादोऱ्यांवरून काढायचं असतं. तिथे कोणी करोडपती होत नाही आणि घरी बसून ते बघायला कोणी टीव्हीही लावत नाही. पैसा नसलेलं ज्ञान फार जण बघत नाहीत, ज्ञान नसलेला पैसाही बघत नाहीत. दोन्ही एकत्र आले की सगळं घर टीव्हीसमोर गोळा होतं. असं का?

माझं म्हणणं असं, की टीव्हीवर आपण एक परीक्षा बघत असतो. आपल्या देशात परीक्षा जशी व्हायला हवी होती आणि बहुतेक वेळा होत नाही, तशी. आपल्याकडे माणसाची सगळी किंमत परीक्षेवर ठरते. शिष्यवृत्तीपासून सुरुवात होते, मग दहावी, बारावी, नीट किंवा जेईई, आणि त्यानंतर ज्यांच्या हाती काही लागलं नाही ते सगळे एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, टीईटी. पुणे हे या उद्योगाचं माहेरघर. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या भागात कॉट बेसिसच्या खोल्या, महिन्याच्या मेस, चोवीस तास उघड्या अभ्यासिका आणि अप्पा बळवंत चौकातली गाइडं यांच्यावर एक सबंध अर्थव्यवस्था उभी आहे. या गल्ल्यांमधल्या मेसमध्ये रात्री नऊला टीव्हीवर हा कार्यक्रम लागलेला असला, तर पोळीचा घास हातात धरून मुलं उत्तरं ओरडत असतात. हे दृश्य गमतीचं आहे, पण ती मुलं नेमकी कशाकडे बघत असतात हा प्रश्न गमतीचा नाही.

एक तर, त्या परीक्षेत परीक्षार्थीला मान असतो. सूत्रसंचालक उठून स्वागत करतो, खुर्चीपर्यंत नेतो, ‘जी’ लावून बोलतो, पाणी विचारतो, घाम पुसायला कागद देतो. मराठीत २०१३ साली सचिन खेडेकरांनी आणि २०१९ मध्ये नागराज मंजुळे यांनी ही खुर्ची सांभाळली, तेव्हाही गावाकडून आलेल्या माणसाची गोष्ट घाई न करता ऐकून घेतली जात होती. आता परीक्षा केंद्राचं फाटक आठवा. बूट काढा, बेल्ट काढा, हातातला धागा कापा, दोन मिनिटं उशीर झाला म्हणून परत जा. तिथे परीक्षार्थी हा आधी संशयित असतो आणि मग उमेदवार. टीव्हीवर साध्या माणसाशी कोणी मोठा माणूस अदबीने बोलतो एवढंच बघायलाही लोक बसतात, असं मला अनेकदा वाटलं आहे.

मदत मागण्याचंही तसंच. त्या खुर्चीत बसलेला माणूस मित्राला फोन करू शकतो, प्रेक्षकांना विचारू शकतो, दोन चुकीचे पर्याय काढून टाकायला सांगू शकतो. हे सगळं नियमात बसतं. आयुष्यात कुठल्याही हुशार माणसाने अडलं की हेच केलेलं असतं. आपल्या शाळेत मात्र त्याला कॉपी म्हणतात.

पण खरी भुरळ पडते ती निकालाची. प्रश्न विचारला, चार पर्याय आले, उत्तर लॉक झालं, काही क्षण जीव टांगणीला लागला आणि निकाल समोर. उत्तर चुकलं तर चुकलं. का चुकलं तेही लगेच कळतं. एवढी साधी गोष्ट आमच्या पेठांमध्ये किती दुर्मीळ आहे हे तिथे राहिल्याशिवाय समजायचं नाही. पहिली उत्तरतालिका येते, तिच्यावर हरकती घेतल्या जातात, मग अंतिम उत्तरतालिका येते, काही प्रश्न रद्द होतात, काहींची उत्तरं बदलतात, कोणी न्यायालयात जातं. राज्यसेवेची १४ मार्च २०२१ ला होणारी पूर्वपरीक्षा, आधीच अनेकदा लांबलेली, ११ मार्चला पुन्हा पुढे ढकलली गेली. त्या दिवशी नवी पेठेत मुलांनी रस्ता अडवला होता. शेवटी ती २१ तारखेला झाली. त्याच सुमारास निवड होऊनही नियुक्तीपत्राची महिनोन्‌महिने वाट पाहणारे उमेदवार होते. करोना होता, मान्य. पण करोनाच्या आधीही तारखांचा भरवसा नव्हता आणि नंतरही फारसा आलेला नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक केली. गुण वाढवून पात्र ठरवल्याचा ठपका सात हजारांहून अधिक उमेदवारांवर आला. ही परिषद पुण्यातच आहे. आपल्यातले निम्मे लोक तिच्याच शिष्यवृत्ती परीक्षेला बसून मोठे झाले. पुढे २०२३ ची तलाठी भरती. दहा लाखांहून अधिक अर्ज आले, खुल्या गटाला शुल्क हजार रुपये. वेगवेगळ्या सत्रांतल्या प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी सारखी करायला गुणांचं सामान्यीकरण केलं, आणि निकालात २०० पैकी २१४ गुण मिळाल्याचं दिसलं. संख्याशास्त्रात याचं स्पष्टीकरण आहे, ते चूकही नाही. पण दोनशेपैकी दोनशे चौदा हा आकडा शेतकरी बापाला समजावून सांगायची जबाबदारी कोणी घेतली नाही. टीव्हीवरच्या परीक्षेत एक कोटीच्या प्रश्नाला एक कोटी दहा लाख मिळालेले कोणी पाहिले नाहीत.

तरी या कार्यक्रमातला सगळ्यांत खोल भाग उत्तर देण्यात नाही, सोडण्यात आहे. त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

सुरुवातीच्या रचनेत दहाव्या प्रश्नाला ३ लाख २० हजारांचा टप्पा होता. तो ओलांडला की पुढे कितीही चुकलात तरी तेवढे हातात राहणार. आता समजा, तुम्ही पन्नास लाख जिंकलेत आणि समोर एक कोटीचा प्रश्न आहे. बरोबर आलं तर पन्नास लाख वाढणार. चुकलं तर ४६ लाख ८० हजार जाणार. हिशेब मांडला तर उत्तराची खात्री साधारण ४८ टक्के असली तरी खेळणं गणिताने परवडतं. म्हणजे दोन पर्यायांत अडकलेल्या माणसाने खेळायला हवं. प्रत्यक्षात तिथे पोचलेला शहाणा माणूस बहुधा थांबतो, आणि गणितापेक्षा तोच बरोबर असतो. पहिल्या पन्नास लाखांत धायरीला किंवा वाघोलीला डोक्यावर छप्पर येतं, बहिणीचं लग्न होतं, कर्ज फिटतं. दुसऱ्या पन्नास लाखांत त्याच घराला आणखी एक खोली. दोन्ही रकमा कागदावर सारख्या आहेत, घरात नाहीत.

त्या अर्ध्या मिनिटात स्पर्धकाच्या चेहऱ्यावर जे चालतं ते कुठलीही प्रश्नपत्रिका मोजू शकत नाही. मला येतं का, हा प्रश्न मागे पडलेला असतो. मला येतं असं जे वाटतंय ते कितपत खरं आहे, हा प्रश्न असतो. स्वतःच्या माहितीची किंमत स्वतःच, सगळ्यांसमोर, पैसे लावून ठरवायची. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतही चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो, तेव्हा तिथेही हा हिशेब शंभर वेळा करावा लागतो. पण तिथे तो कोणी बघत नसतं आणि तो नीट केल्याबद्दल कोणी पाठही थोपटत नाही. इथे ‘मी खेळ सोडू इच्छितो’ म्हटलं की टाळ्या पडतात. सूत्रसंचालक म्हणतो, योग्य निर्णय. मग विचारतो, सोडलाच आहे तर एखादं उत्तर निवडा. आणि निवडलेलं बरोबर निघालं तर सगळं घर चुकचुकतं.

नवी पेठेत सोडणाऱ्यासाठी टाळ्या नाहीत. पाच-सात वर्षं घातलेला मुलगा, तीनदा प्रिलिम निघालेली, एकदा मुख्य परीक्षा एका गुणाने गेलेली, तो जेव्हा कॉट सोडून गावी निघतो तेव्हा त्याच्या हातात काय असतं? काही नाही. त्याने राज्यघटना, अर्थव्यवस्था, भूगोल यांचा बहुतेक पदवीधरांपेक्षा जास्त अभ्यास केलेला असतो. पण कुठल्याही टप्प्याने त्याच्या नावावर काही जमा केलेलं नसतं. शेवटची, पंधरावी पायरी चढली नाही की थेट शून्य. म्हणून तो निघत नाही. आणखी एक अटेम्प्ट, आणखी एक जाहिरात, वयोमर्यादा संपेपर्यंत. गावातले लोक विचारतात, काय मग, साहेब कधी होणार? त्याला उत्तर नसतं, म्हणून तो दिवाळीलाही गावी जात नाही. जिथपर्यंत आलात तिथपर्यंतचं तुमचंच, आता सन्मानाने उठा, हे वाक्य त्याला फक्त टीव्हीवर ऐकू येतं.

आता या कार्यक्रमांची वकिली इथे थांबवतो, कारण त्यांचा न्याय खुर्चीत बसल्यानंतर सुरू होतो. खुर्चीपर्यंत पोचणं हा निम्मा नशिबाचा आणि निम्मा वाहिनीच्या गरजेचा भाग आहे. लाखो नोंदण्यांतून काही जण निवडले जातात, त्यात कोणाची गोष्ट पडद्यावर चांगली दिसेल हेही बघितलं जातच असणार. आयकर कायद्याला याची पक्की जाणीव आहे. तो या कमाईला लॉटरी, शब्दकोडी, पत्त्यांचे डाव आणि घोड्यांच्या शर्यतींच्या पंगतीत बसवतो. सरसकट ३० टक्के कर, वर अधिभार आणि उपकर, कसलीही सूट नाही. आजच्या दराने एक कोटीतले साधारण ३४ लाख असेच जातात. म्हणजे रात्र रात्र जागून पाठ केलेलं कलम ८८ आणि कॅम्पातल्या रेसकोर्सवर घोड्यावर लावलेला पैसा, सरकारच्या लेखी एकच. हे ऐकून मला आधी राग आला होता. आता वाटतं, कायदा बरोबरच आहे.

आणि धंदा तर आहेच. ब्रिटनमध्ये १९९८ साली मूळ कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा प्रेक्षकांच्या महागड्या फोन कॉलमधूनच बक्षिसाचा मोठा हिस्सा उभा राहत होता. आपल्याकडे २००७ च्या पर्वात घरबसल्या प्रेक्षकांसाठी स्पर्धा होती. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडत. बक्षीस फुकट असल्याचा भास होतो आणि ते निघतं एसएमएसच्या पैशांतून, अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे गेली. आयोगाने वाहिनी आणि मोबाइल कंपनीला एक कोटीचा दंड केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश पुराव्याअभावी रद्द केला. अमेरिकेत तर १९५० च्या दशकात प्रकरण याहून पुढे गेलं होतं. ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात लोकांना आवडणाऱ्या स्पर्धकाला उत्तरं आधीच सांगितली जात. चार्ल्स व्हॅन डोरेन या प्राध्यापकाने १९५९ मध्ये संसदीय समितीपुढे तसं कबूल केलं, आणि पुढच्या वर्षी असा बनाव करणं कायद्याने गुन्हा ठरलं. एका खेळातली लबाडी अमेरिकी संसदेपर्यंत गेली आणि वर्षभरात कायदा आला. आपल्याकडे पेपरफुटीविरुद्ध केंद्राचा कायदा यायला २०२४ उजाडलं.

जिंकल्यानंतर काय, हाही भाग कॅमेऱ्याबाहेरचा. २०११ मध्ये पाच कोटी जिंकलेल्या मोतिहारीच्या सुशील कुमारने पुढे स्वतःच लिहिलं, की त्यानंतरचा काही काळ आपल्या आयुष्यातला सर्वांत कठीण होता. लोकांनी फसवलं, सवयी बिघडल्या.

माझी सगळ्यांत मोठी तक्रार मात्र वेगळी आहे, आणि ती वाहिनीपेक्षा आपल्याबद्दल जास्त आहे. २०१९ मध्ये अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या. मानधन महिना दीड हजार रुपये. जिंकलेल्या पैशांतून काय घेणार, असं विचारल्यावर त्यांनी मोबाइल फोन म्हटलं होतं. सगळा महाराष्ट्र गहिवरला. व्हॉट्सअ‍ॅपवर ती चित्रफीत मलाही चारपाच ठिकाणांहून आली. पण त्या कार्यक्रमातला सर्वांत अवघड प्रश्न संगणकाने विचारलेलाच नव्हता: शाळेतल्या शेकडो मुलांचं रोजचं जेवण शिजवणाऱ्या बाईला शासन महिन्याला दीड हजार रुपये का देत होतं? एक कोटीच्या झगमगाटात दीड हजार ही लाजेची बाब न राहता गोष्टीची गोड सुरुवात होऊन गेली. गरिबी जितकी जास्त, तितका विजय मोठा. राज्यात तेच काम करणाऱ्या बाकीच्या बायकांना खुर्ची मिळाली नाही, त्यामुळे त्यांची गोष्टही झाली नाही.

मग हे कार्यक्रम बंद करावेत का? मुळीच नाही. लोकांना न्याय्य परीक्षा कशी दिसते हे कळतं, तिची चव त्यांना आहे, याचा तो रोजचा पुरावा आहे. त्या चवीवर फक्त वाहिन्यांनीच पैसा का कमवावा? शासनानेही त्यातून थोडं शिकावं. वर्षाचं वेळापत्रक जाहीर करून ते पाळावं. उत्तरतालिका एकदाच, कारणांसह द्यावी, म्हणजे मुलाला आपण का चुकलो ते कळेल. आणि टप्पे द्यावेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाने ‘प्रतिभा सेतू’ नावाची सोय केली आहे. मुलाखतीपर्यंत पोचूनही अंतिम यादीत न आलेल्या उमेदवारांची माहिती, त्यांची संमती असेल तर, तिथे नोकरी देणाऱ्या संस्थांना मिळते. कल्पना चांगली आहे, पण ती शेवटच्या पायरीवरून घसरलेल्यांपुरती. राज्यात ती खाली आणावी. पूर्वपरीक्षा निघालेल्याला, मुख्य परीक्षेत ठरावीक गुण मिळवलेल्याला, चारपाच वर्षं ग्राह्य धरलं जाईल असं गुणपत्र द्यावं. जिल्हा परिषदा, महापालिका, सहकारी बँका, विद्यापीठं यांनी आपल्या कंत्राटी आणि कनिष्ठ जागा भरताना ते बघावं, पुन्हा हजार रुपये शुल्क घेऊन तेच प्रश्न नव्याने विचारू नयेत.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की त्याने मुलं आणखी रेंगाळतील. मला उलट वाटतं. मुलं रेंगाळतात ती हातात काहीच नसतं म्हणून. पन्नास लाखांवर थांबणारा माणूस थांबू शकतो, कारण ते पन्नास लाख त्याचे झालेले असतात. गुण तर आयोगाकडे आहेतच, ते नव्याने तपासायला नकोत. त्यांना बाहेर किंमत आहे असं एका शासन निर्णयात लिहायचं, एवढंच काम उरतं.